पाचशे सात तासांचा कलावंत

२००६ च्या कान महोत्सवात स्पर्धा विभागात झाव्हिए जियानोली यांचा एक चित्रपट होता. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मी गायक होतो तेव्हा’. मध्य फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ या कारखानदारीच्या शहरात नाचाच्या सभागृहांतून गाणारा आलँ मोरो हा उतरणीला लागलेला गायक त्याचा नायक. केसांत सोनेरी छटा काढलेला, देहाने सुटलेला, पण माईक हातात घेतल्यावर समोरच्या साठी-सत्तरीतल्या जोडप्यांना अलगद फेर धरायला लावणारा हा माणूस आयुष्यात कधी मोठा झाला नाही आणि पुरता बुडालाही नाही. घरांची दलाली करणाऱ्या कचेरीतली एक तरुणी त्याला भेटते, तिचा सहवास मिळावा म्हणून तो घर पाहण्याचे निमित्त काढून तिच्याबरोबर रिकाम्या घरांतून हिंडतो, आणि या हिंडण्याच्या मधूनमधून गाणी येत राहतात. ती सगळी गाणी जेरार देपार्दिउ यांनी स्वतः म्हटली आहेत. (या नटाला २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरवले आणि त्याने त्यावर अपील केले, इथे मी बोलतो आहे ते त्याने रंगवलेल्या गायकाविषयी.)

रंगमंचावरच्या माणसांच्या कथा आपल्याला साधारणतः दोन तऱ्हांनी सांगितल्या जातात. एक तर तो गरिबीतून वर येतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडतो, किंवा तो व्यसनात आणि विस्मृतीत संपतो आणि आपण हळहळतो. मोरो या दोन्हींत बसत नाही. तो बरा गातो, वेळेवर पोहोचतो, लोकांना काय हवे ते ओळखतो आणि दोन कार्यक्रमांच्या मधले दिवस कसेबसे ढकलतो. कोणत्याही देशात रंगमंचावर पोट भरणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसे अशीच मधली असतात. त्यांच्या त्या मधल्या दिवसांचा भार कोणी उचलायचा, हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि फ्रान्सने त्याला दिलेले उत्तर जगात इतरत्र क्वचितच पाहायला मिळते. ते उत्तर खर्चिक आहे, त्यात गैरप्रकार आहेत, आणि तरीही मला ते मुळात योग्य वाटते. कारण कोणाची कला थोर आणि कोणाची हलकी हे ठरवण्याचे काम त्यात सरकारने आपल्याकडे घेतलेले नाही. सरकार तिथे फक्त तास मोजते.

या व्यवस्थेखाली येणाऱ्यांना तिथे ‘अँतेरमिताँ’ म्हणतात, म्हणजे अधूनमधून काम असणारे. तिची सुरुवात १९३६ मध्ये झाली, आणि तीही कलावंतांसाठी नव्हे तर चित्रपटसृष्टीतल्या तंत्रज्ञांसाठी. एका चित्रपटापुरता सुतार, विजेचा कारागीर किंवा कॅमेऱ्याचा मदतनीस लागतो. त्याला कायम नोकरीत ठेवणे निर्मात्याला परवडत नाही. आणि चित्रीकरण संपल्यावर तो माणूस दुसऱ्या धंद्यात कायमचा निघून गेला, तर पुढच्या वेळी कसबी हात मिळत नाहीत. साठच्या दशकात ही सोय बेरोजगारी विम्याच्या सर्वसाधारण योजनेला जोडली गेली आणि गायक, नट, नर्तक, वादक तिच्या कक्षेत आले. त्यानंतर १९६९ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट पक्की केली: मोबदला देऊन कोणी कलावंताला कार्यक्रमासाठी बोलावले, तर ते नोकरीचेच नाते आहे असे कायदा गृहीत धरतो. संध्याकाळपुरता का होईना, बोलावणारा मालक आणि गाणारा पगारी कामगार ठरतो. मला या व्यवस्थेतले हे सर्वांत महत्त्वाचे कलम वाटते. कलावंताला पगारी कामगार म्हटले की त्याच्या प्रत्येक कार्यक्रमामागे विम्याचे हप्ते भरले जातात, आजारपण आणि निवृत्तिवेतन यांचा हिशेब चालू होतो, आणि त्याला नंतर कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही.

मुख्य अट आकड्यात सांगता येते. बारा महिन्यांत ५०७ तासांचे पगारी काम दाखवले, की पुढच्या बारा महिन्यांतल्या बिनकामाच्या दिवसांचा भत्ता मिळतो. ५०७ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. आठवड्याला ३९ तास काम असण्याच्या काळात महिन्याचे १६९ तास धरले जात, त्याची तिप्पट म्हणजे ५०७. पुढे फ्रान्समधला आठवडा ३५ तासांचा झाला, आकडा मात्र तसाच राहिला. गायकाचा कार्यक्रम घड्याळ लावून मोजता येत नाही, म्हणून एका कार्यक्रमाच्या ठोक बिदागीला, तिथल्या भाषेत एका ‘काशे’ला, बारा तास धरले जातात. म्हणजे निव्वळ बिदागीवर जगणाऱ्या गायकाला वर्षाकाठी ४३ कार्यक्रम झाले की पुरते.

तासभराच्या गाण्याला बारा तास धरणे ही खैरात आहे, असा आक्षेप तिथेही घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्याने एकदा कार्यक्रमाच्या दिवशी कलावंताबरोबर राहावे. दुपारी गाडी भरायची, शंभर-दीडशे किलोमीटर जायचे, ध्वनियंत्रणा उतरवायची, तारा जोडायच्या, हॉल रिकामा असताना आवाज तपासायचा, कपडे बदलायचे, गायचे, सगळे पुन्हा गुंडाळायचे आणि पहाटे घरी पोहोचायचे. याखेरीज गळा राखणे, नवी गाणी बसवणे, वादकांबरोबर तालीम करणे, पुढच्या कार्यक्रमांसाठी दूरध्वनी करत बसणे हे वेगळेच. शिक्षकाला वर्गातल्या तासाबरोबर तयारीचाही पगार मिळतो, त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही. गायकाच्या बाबतीत मात्र दिव्याखाली उभा असलेला तासच तेवढा काम समजला जातो, कारण बाकीचे तास कोणी पाहिलेले नसतात.

मोरोसारख्यांच्या दृष्टीने याहूनही मोलाची गोष्ट अशी की हे बारा तास देताना तो कुठे गायला हे विचारले जात नाही. पॅरिसच्या नामवंत नाट्यगृहात अभिजात नाटक करणारा नट आणि निवृत्तांच्या दुपारच्या नाचात जुनी प्रेमगीते म्हणणारा गायक एकाच तक्त्यात मोजले जातात. गावची नगरपालिका, एखादे मंडळ, कॅफेवाला किंवा लग्नघरचा यजमान कलावंताला क्वचितच बोलावतो आणि त्याला पगारपत्रकाची माहिती नसते, म्हणून ‘ग्यूझो’ नावाची एकखिडकी सोय केलेली आहे आणि २००४ पासून अशा हौशी मालकांना ती सक्तीची आहे. यजमानाने एक अर्ज भरायचा, एकदा पैसे भरायचे. विमा, निवृत्तिवेतन, रजा अशा सगळ्या खात्यांत त्याची वाटणी त्या खिडकीने करायची. रसिकतेच्या गप्पा मारणाऱ्या समाजापेक्षा असा एक नीट छापलेला अर्ज कलावंताच्या जास्त कामाचा असतो, असे म्हटले तर ते अरसिकपणाचे वाटेल; पण माझे मत तेच आहे.

आता विरोधकांची बाजू. ती हलकी नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब तपासणाऱ्या तिथल्या सर्वोच्च संस्थेने वारंवार दाखवून दिले आहे की कलावंत आणि तंत्रज्ञ या दोन गटांकडून येणारे हप्ते आणि त्यांना दिला जाणारा भत्ता यांत दरवर्षी सुमारे १ अब्ज युरोंची तूट पडते. ती भरून निघते ती सामायिक विमा निधीतून, म्हणजे पाववाला, गवंडी, दुकानातली विक्रेती यांच्या नोकऱ्यांमागे भरल्या जाणाऱ्या पैशातून. ज्या धंद्यात बेकारी हा अपघात नसून रोजचा क्रम आहे, तिथे विमा हा शब्दच चुकीचा आहे, असे मालकांची मोठी संघटना ‘मेदेफ’ म्हणत आली आहे, आणि तर्क म्हणून हे बरोबर आहे. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात ज्या घराला आग लागते त्या घराचा विमा कोणी उतरवत नाही.

यावर कलावंतांचे समर्थक सहसा दोन उत्तरे देतात आणि मला त्यांतले एकच पटते. पहिले असे की संस्कृतीमुळे देशाला भरपूर उत्पन्न मिळते. २०१४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अहवालाने राष्ट्रीय उत्पन्नातला तिचा वाटा ३.२ टक्के काढला होता. हे खरे असेल, पण ही वाट घसरडी आहे. उत्पन्न वाढवते म्हणून गायकाला जगवायचे असे एकदा मान्य केले, तर ज्या गायकामुळे एकही पर्यटक येत नाही आणि एकही हॉटेल भरत नाही, त्याला उद्या काय सांगणार? क्लेर्माँ-फेराँच्या सभागृहात नाचायला येणारी विधवा बाई राष्ट्रीय उत्पन्नात काही भर घालायला येत नाही.

दुसरे उत्तर आकड्यांतून येते. सर्वसाधारण कामगाराला भत्त्यासाठी साधारणतः २४ महिन्यांत ९१० तास काम दाखवावे लागते. वर्षाच्या हिशेबाने हे ४५५ तास झाले. कलावंताला मात्र एकाच वर्षात ५०७ तास गाठावे लागतात. शिवाय या क्षेत्रातल्या हप्त्यांचा दर इतरांच्या दुपटीहून अधिक आहे. प्रवेशद्वार, म्हणजे, इतरांपेक्षा अरुंद आहे. सवलत आहे ती आत गेल्यावर, भत्ता पूर्ण वर्षभर चालतो यात. ती सवलतच आहे आणि ती तशी मान्य करून तिची बाजू मांडावी. वर्षभर तयार राहणारा माणूस वर्षातून ४३ वेळा लागतो. त्याला त्या ४३ वेळांपुरतेच पैसे द्यायचे असतील, तर त्याची तयारी फुकट वापरली जाते, आणि ती वापरणाऱ्यांत प्रेक्षक म्हणून आपण सगळेच असतो.

तुटीतला एक भाग असा आहे की तिथे मी कलावंतांच्या संघटनांपेक्षा टीकाकारांच्या बाजूला उभा राहीन. दूरचित्रवाणी आणि निर्मितीसंस्थांनी वर्षानुवर्षे एकाच माणसाला त्याच टेबलावर तेच काम देताना कायम नोकरीऐवजी तुकड्यातुकड्यांचे करार केले. करार नसलेल्या दिवसांचा पगार विमा निधीने भरला. तिथल्या बोलीत अशा माणसांना ‘पेरमिताँ’ म्हणतात: कायम आणि अधूनमधून या दोन शब्दांची चेष्टेने केलेली सांधेजोड. इथे कलावंत लबाडी करतो असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. वर्षभर लागणारा संकलक दर सोमवारी नव्या करारावर घेणाऱ्या संस्थेकडून तो फरक व्याजासह वसूल करायला हवा. २००३ मध्ये मात्र उलटे घडले. जूनच्या अखेरीस झालेल्या करारात ५०७ तास गाठण्याची मुदत बारा महिन्यांवरून तंत्रज्ञांसाठी दहा आणि कलावंतांसाठी साडेदहा महिन्यांवर आणली गेली आणि भत्त्याचा काळ आठ महिन्यांवर उतरवला गेला. म्हणजे कात्री लागली ती ज्याच्याकडे तास कमी पडतात त्याला. वर्षभर तुकड्यांत काम मिळवणाऱ्याचे आणि ते देणाऱ्या संस्थेचे फारसे काही बिघडले नाही.

त्या उन्हाळ्यात संप झाला आणि १९४७ पासून चालत आलेला आविन्याँचा नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. एक्स-आँ-प्रोव्हाँसचा संगीत महोत्सवही रद्द झाला. आविन्याँ हे शहर जुलैत नाटकांवर जगते. खानावळी, लॉज, भित्तिपत्रके छापणारे, सगळे हातावर हात ठेवून बसले. अधूनमधून काम करणाऱ्यांनी काम थांबवल्यावर कायम चालणारे किती धंदे थांबतात, हे तेव्हा दिसले. २०१४ मध्ये पुन्हा वाद पेटला आणि २०१६ च्या करारात बारा महिन्यांची मुदत परत आली.

महासाथीत या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. ६ मे २०२० रोजी अध्यक्ष माक्राँ यांनी जाहीर केले की तासांची अट न घालता भत्ते ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत चालू राहतील. लोक त्याला ‘कोरे वर्ष’ म्हणू लागले. मार्च २०२१ मध्ये आंदोलकांनी पॅरिसच्या ओदेआँ नाट्यगृहाचा ताबा घेतला, देशभर शंभराच्या आसपास नाट्यगृहांत तसेच झाले, आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. सरकारला हे करणे शक्य झाले ते त्याच्या उदार मनामुळे नव्हे. प्रत्येक माणसाचे गेल्या वर्षाचे तास, त्याची रक्कम, त्याचे खाते, सगळे आधीच लिहिलेले होते. फक्त तारीख पुढे ढकलायची होती.

उणिवा आहेत. ५०७ ही भिंत आहे. ४९० तासांवर थांबलेल्याला या योजनेतला नेहमीचा वर्षभराचा भत्ता मिळत नाही, आणि वर्षाच्या शेवटी चार-पाच बिदाग्या कमी पडलेला वादक मित्राच्या कार्यक्रमात नाव घालून घेतो तेव्हा त्याला गुन्हेगार म्हणावे की हुशार, हे मला ठरवता येत नाही. बाळंतपणात काम थांबलेल्या स्त्री कलावंतांना भत्त्याच्या आणि प्रसूती रजेच्या नियमांत इतके हेलपाटे पडत की त्यांना २००९ च्या सुमारास स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. तासांच्या तक्त्यात गर्भारपण कुठे लिहायचे हे तक्ता आखणाऱ्यांना सुचले नव्हते. पण या त्रुटी तास मोजण्यातल्या आहेत, आणि मोजणी सुधारता येते.

मोजणीऐवजी पारख असेल तर काय होते, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना अनेक दशके चालू आहे. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे आणि २०२४ पासून महिन्याला सरसकट ५,००० रुपये मिळतात. त्याआधी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते: राष्ट्रीय पातळीवरच्याला जास्त, जिल्हा पातळीवरच्याला कमी. म्हातारपणी भूक लागण्यातही श्रेणी पाडलेली होती. वर्ग गेले हे उत्तम झाले, पण निवड अजून समितीच करते, दाखले अजून गोळा करावेच लागतात, आणि मदत येते ती हातपाय थकल्यावर. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. अखेरचे दिवस मात्र त्यांना हलाखीत काढावे लागले. पुरस्कार देणारे हात कमी नव्हते. कमी होते ते त्यांच्या उमेदीच्या वर्षांत दर रात्रीच्या खेळामागे कोणीतरी भरलेले चार पैसे.

तमाशाच्या धंद्यात मधल्या दिवसांचा भार उचलणारा एक जण असतोच. नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. पावसाळ्यात खेळ बंद असताना कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि मालक ती सावकाराकडून आणतो. बिनकामाच्या महिन्यांचा खर्च इथेही पुढच्या हंगामाच्या कमाईतूनच निघतो. फ्रान्समध्ये तो हप्ता म्हणून जातो, इथे तो कर्ज म्हणून जातो आणि माणूस त्या फडाला बांधला जातो. २०२० आणि २०२१ मध्ये यात्रा भरल्या नाहीत तेव्हा उचल फिटली नाही. राज्य सरकारने एकरकमी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. पण आधी कलावंत कोण हे ठरवायला अर्ज मागवावे लागले, कारण कोण किती रात्री उभा राहिला याची नोंद सरकारदरबारी कुठेच नव्हती. आपल्याकडे फ्रान्सइतका पैसा नाही, हे खरे. पण यात्रा कमिटीने सुपारी देताना एक पावती करावी आणि तीवर कलावंतांची नावे असावीत, एवढ्याला अब्जावधी लागत नाहीत.

लग्नसमारंभांच्या वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजवणारे एक परिचित आहेत. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, तारीख, गाव, ठरले, मिळाले आणि बाकी असे पाच रकाने आखलेली. ‘बाकी’चा रकाना बराच भरलेला असतो. हा लेख लिहायचे ठरल्यावर मी त्यांच्याकडून ती मागून घेतली आणि गेल्या वर्षाच्या ओळी मोजल्या. गणपती, नवरात्र, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, मे महिना, सगळे मिळून ६१ कार्यक्रम झाले होते. मी त्यांना बारा तासांचा हिशेब समजावून सांगितला, ६१ गुणिले १२ करून दाखवले आणि म्हटले, ‘‘काका, तुम्ही फ्रान्समध्ये असता तर सव्वादोनशे तास जास्तच भरले असते.’’ त्यांनी वही हातात घेतली, पाने मागे उलटत करोनाच्या वर्षापाशी थांबले. तिथे फक्त तारखा आखून ठेवलेल्या होत्या.

‘‘ह्या वर्षाचं काय धरतात ते?’’ त्यांनी विचारले.